दुर्गम स्थळे : व्याख्या, प्रकार आणि मुकुंदवाडी

'दुर्गम' म्हणजे जिथे जाणे कठीण, असा अर्थ कोशात दिलेला असतो. कुठून जाणे कठीण, हे कोशकार सांगत नाहीत, आणि या विषयातला सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. दक्षिण अटलांटिक महासागरात त्रिस्तान दा कुन्हा नावाचे बेट आहे. वस्ती अडीचशेच्या आसपास, विमानतळ नाही, आणि केपटाउनहून बोटीने पोचायला आठवडाभर तरी लागतो. सेंट हेलेना हा त्यांचा जवळचा शेजारी सुमारे 2,400 किलोमीटरवर, त्यामुळे वाटीभर साखर मागायला जाण्याची पद्धत तिथे रुजलेली नसावी. जगातली सर्वांत एकाकी वस्ती म्हणून या बेटाची ख्याती आहे. पण बेटावर बसून मोजले तर मुकुंदवाडी तितकीच लांब भरते, आणि तिचे नाव कुणी कोणत्याही यादीत घातलेले नाही.

वस्ती नसलेली जागाही चालत असेल, तर पहिला मान पॅसिफिक महासागरातल्या 'पॉइंट निमो' या बिंदूचा. तो 1992 मध्ये गणित मांडून शोधून काढण्यात आला. तिथून कुठल्याही दिशेला जमीन किमान 2,688 किलोमीटर लांब आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक त्यावरून जाते तेव्हा सर्वांत जवळची माणसे डोक्यावर चारेकशे किलोमीटरवर असतात. पाहायला तिथे काहीच नाही, तरी जाऊन येणारे आहेत. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

मुकुंदवाडी छत्रपती संभाजीनगरच्या पूर्व अंगाला, जालना रोडला लागून आहे. एकेकाळी हे वेगळे गाव होते. शहर वाढत वाढत अंगावर आले आणि गावाची वसाहत झाली. एका बाजूला सिडको, पुढे चिकलठाण्याचा विमानतळ आणि एमआयडीसी, शेजारून मनमाड–काचीगुडा लोहमार्ग. रस्ता, रेल्वे आणि विमान तिन्ही दाराशी असलेल्या ठिकाणाला भूगोलाच्या पुस्तकात 'दळणवळणाच्या दृष्टीने सोयीचे' म्हणतात. प्रत्यक्षात विमाने वरून जातात आणि लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या स्टेशनावरून धडधडत निघून जातात. सोयी भरपूर आहेत. त्या थांबत मात्र नाहीत.

इथल्या शेअर रिक्षावाल्यांची दुर्गमतेची व्याख्या भूगोलाच्या पुस्तकापेक्षा काटेकोर आहे. जालना रोडच्या सरळ रेषेत येते ते सुगम. त्या रेषेतून पाचशे मीटर आत वळावे लागले की दुर्गम. मग ठिकाण मागच्या गल्लीत असो की आइसलँडात, उत्तर एकच असते : "उधर नहीं जाती, भाई."

या परिसराकडे जगाचे टोक म्हणून पाहणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. चिनी भिक्षू ह्युएन त्संग 641 च्या सुमारास महाराष्ट्रात येऊन गेला. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे आणि त्याच्या दारातल्या दगडी हत्तींचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचेच, असे मानले जाते. त्यानंतरची मोठी नोंद 1327 ची. त्या साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, किल्ल्याचे नाव दौलताबाद ठेवले आणि दिल्लीकरांनाही सोबत चलण्याचा आग्रह केला. सहल कंपन्यांच्या इतिहासात या घटनेला मिळायला हवे ते स्थान मिळालेले नाही. सुमारे चाळीस दिवसांचा प्रवास, रस्त्याच्या दुतर्फा झाडे, टप्प्याटप्प्यावर मुक्कामाची व्यवस्था, सर्व वयोगटांना प्रवेश, बुकिंग रद्द करण्याची सोय नाही. काही वर्षांनी सुलतानाने मंडळींना दिल्लीला परत जाऊ दिले. म्हणजे परतीचा प्रवास ठरलेल्यातच होता, फक्त तारीख आधी कळवलेली नव्हती.

आयुष्यभर भटकणाऱ्यांचा मूळपुरुष याच रस्त्याने आला. इब्न बतूता 1325 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मोरोक्कोतल्या तांजिर गावाहून हजला म्हणून निघाला. 'जरा जाऊन येतो' असे सांगून बाहेर पडलेल्या माणसाने घरी यायला किती उशीर करावा याचा विक्रम बहुधा त्याच्याच नावावर असावा. चोवीस वर्षांनी तो मोरोक्कोत परतला आणि थोडे टेकून पुन्हा स्पेन आणि मालीकडे निघाला. एकूण भ्रमंती एक लाख किलोमीटरहून अधिक. या काळात तो दिल्लीत काझी होता, मालदीवमध्ये काझी होता, आणि जिथे मुक्काम लांबला तिथे त्याने लग्नही केले. आजचे प्रवासी मुक्काम लांबला तर हॉटेल बदलतात.

तुघलकाने 1341-42 च्या सुमारास त्याला आपला दूत म्हणून चीनला पाठवले. दिल्ली सोडून फार दिवस झाले नव्हते तोच अलीगढच्या बाजूला तो लुटला गेला. पुढे कालिकतच्या किनाऱ्यावर चीनच्या बादशहासाठी नेलेल्या भेटवस्तूंचे जहाज वादळात सापडून फुटले. या दोन संकटांच्या मध्ये दौलताबादचा मुक्काम झाला. किल्ल्याच्या अंधारकोठडीत मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत आणि मांजरेच त्यांना पाहून पळतात, असे त्याने सांगून ठेवले आहे. इथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो, हेही त्याने नोंदवले. लांबच्या सहलीहून परतलेला माणूस आजही याच क्रमाने बोलतो : आधी सामान कसे गेले, मग खोलीत काय निघाले, शेवटी तिथली फळे. सातशे वर्षांत या वाङ्मयप्रकारात फारशी भर पडलेली नाही.

इब्न बतूता उज्जैनकडून आला आणि नंदुरबारकडे निघून गेला. दौलताबादपासून मुकुंदवाडी वीस-बावीस किलोमीटर. चीनला निघालेल्या माणसाला हे अंतर काही जड नव्हते, तरी त्याच्या ग्रंथात मुकुंदवाडीचा उल्लेख नाही. अन्यथा उत्तम असलेल्या ग्रंथातला हा दोष अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला दिसतो.

प्रवासी हौसेने निघतो, हा समज मलिक अंबरच्या उदाहरणाने खोटा ठरतो. इथिओपियात जन्मलेले हे मूल गुलाम म्हणून विकले गेले आणि हातोहात बगदादमार्गे दख्खनेत पोचले. अहमदनगरच्या निजामशाहीत त्याने वजिरीपर्यंत मजल मारली, मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले आणि 1610 मध्ये खडकी हे गाव वसवले. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. एवढ्या लांबून आलेल्या माणसाने आल्यावर पहिल्यांदा कशाची सोय पाहिली? पाण्याची. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नळातून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात खेळवणारी नहर-ए-अंबरी त्याने बांधली. पाणचक्कीला येणारी नहर पुढच्या काळातली, पण रीत तीच. नहर शहरासाठी होती. मुकुंदवाडी तेव्हा शहरात नव्हती. आता शहरात आहे, नहर नाही.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही याच मुलखातून ये-जा केली. गोवळकोंड्याच्या वाटेवर त्याला औरंगाबादकडे संगमरवर नेणाऱ्या सुमारे तीनशे गाड्या दिसल्या होत्या, आणि सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल होते. जालना रोडवर सायंकाळी सहाला मिक्सर आणि डंपर यांच्या मागे अडकलेल्या वाहनचालकाला हे वर्णन परके वाटू नये. ताव्हेर्निये 1689 मध्ये, चौऱ्याऐंशीच्या घरात, मॉस्कोत वारला. तेव्हाही तो पूर्वेकडेच निघालेला होता.

एकोणिसाव्या शतकात प्रवाहाची दिशा थोडी उलटली आणि इकडची माणसे बाहेर पडू लागली. वरसईचे विष्णुभट गोडसे डोक्यावरचे कर्ज फेडायला म्हणून 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी होती. यज्ञाऐवजी वाटेत बंड लागले. झाशीला वेढा पडला तेव्हा भटजी आत होते. दक्षिणा मिळाली ती लुटली गेली, पुन्हा मिळाली ती पुन्हा लुटली गेली. शेवटी त्यांनी गंगाजलाची कावड खांद्यावर घेतली, पायी वरसई गाठली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. अर्थार्जनाचा हेतू साफ फसला तरी पाणी घरी पोचले, म्हणून हा प्रवास यशस्वी मानण्यात येतो. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक 1907 मध्ये छापले गेले.

पुढची शंभर वर्षे भराभर ओलांडता येतात. जगाच्या अगदी तळाशी मराठी पाऊल सरकारी मोहिमांतून पडले : नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत 1983-84 च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेत गेलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक. त्या संशोधनाला गेल्या होत्या. त्यानंतरचे बरेच जण फोटो काढायला गेले. मराठी सहल कंपन्यांनी टूर मॅनेजर आणि जेवणाची हमी दिल्यावर निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी आणि महामंडळांतले अभियंते ध्रुव प्रदेशांकडे सरकू लागले. भविष्यनिर्वाह निधीचा असा भौगोलिक विस्तार योजनाकारांच्या स्वप्नातही नसेल.

अशा प्रवाशाची तयारी जवळून पाहण्यासारखी असते. मुकुंदवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवाणावर बॅग उघडी पडलेली असते आणि तिच्या दांडीला, समोरच्या किराणा दुकानातून मागून आणलेला, हुकाचा वजनकाटा लटकत असतो. मर्यादा तेवीस किलोची, काटा साडेसव्वीसवर. डब्यांत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, खारोड्या, मेतकूट, गूळपापडीचे दोन पुडे. बाकीच्या जागेत कपडे.

"अहो, ते बूट काढा अन् धपाट्यांचा डबा नीट बसू द्या."

"अगं, तिकडं उणे दहा असतंय!"

"मग तर टिकतीलच की."

शेवटी बूट पायात घालून जायचे ठरते. मे महिन्यात किंवा डिसेंबरात, मुकुंदवाडीच्या रस्त्यावर घोट्यापर्यंत लोकरी अस्तराचे बूट घातलेला गृहस्थ दिसला तर तो जगाच्या टोकाला निघाला आहे, असे खुशाल समजावे.

मार्ग पुढीलप्रमाणे असतो. विमानतळ घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मुंबईचे तिकीट महाग, म्हणून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस. ती पकडायला पूर्वेच्या विमानतळाकडे पाठ करून पश्चिमेच्या मुख्य स्टेशनाला जायचे. मग मुंबई, तिथून विमाने बदलत ब्वेनोस आयरेस, तिथून अर्जेंटिनाच्या शेपटाला असलेले उश्वाया, आणि तिथून बोटीने ड्रेक पॅसेज. हा समुद्र ओलांडायला दोन दिवस लागतात आणि जगातल्या सर्वांत खवळलेल्या पाण्यांत त्याची गणना होते. भल्याभल्यांची आतडी तिथे गळ्याशी येतात. शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे अंग बाहेर ठेवून वर्षानुवर्षे बसलेला माणूस मात्र पुष्कळ शांत राहतो. हाताने धरायला काहीतरी लोखंडी हवे, एवढीच त्याची मागणी असते. या सबंध साखळीत ज्याच्या वेळेची खात्री देता येत नाही असा टप्पा एकच, आणि तो म्हणजे मुकुंदवाडी ते मुख्य स्टेशन.

अंटार्क्टिकाच्या भूमीवर एका जागी एका वेळी शंभराहून अधिक पर्यटक उतरवत नाहीत. उतरण्यापूर्वी बूट घासून जंतुनाशकातून काढावे लागतात, खिसे आणि पिशव्या साफ कराव्या लागतात, कारण एखादे बी जरी सांडले तरी तिथल्या निसर्गाला धोका. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचे. आणि किनाऱ्यावर काहीही खायचे नाही. मराठी पर्यटकाला हा शेवटचा नियम सर्वांत दुर्गम वाटतो. हजारो किलोमीटर वाहून आणलेला डबा बोटीतच राहतो आणि त्याचा मालक बर्फावर उभा राहून, रिकाम्या हाताने, निसर्ग पाहतो. अशी वेळ याआधी त्याच्यावर लोणावळ्यालाही आलेली नसते. तिथून परत बोटीत चढल्यावर खाल्लेल्या धपाट्याबद्दल तो आयुष्यभर जे बोलतो, ते पेंग्विनबद्दल बोलत नाही.

एका टोकाला जाऊन आलेला माणूस तिथे थांबत नाही, हा या विकाराचा ठळक विशेष. अंटार्क्टिका झाले की आर्क्टिक, मग मंगोलिया, मग ज्याचे नाव नातेवाइकांना उच्चारता येत नाही असे काहीतरी. भिंतीवर नकाशा येतो, नकाशात टाचण्या येतात, फ्रिजचे दार चुंबकांनी इतके भरते की ते उघडताना दोन राजधान्या खाली पडतात. पॉइंट निमोसारख्या, पाहायला काही नसलेल्या जागांची नावे घरात ऐकू येऊ लागली की रोग जुना झाला असे ओळखावे. शेजारपाजारचे प्रश्न मात्र स्थिर असतात. जेवायचे काय केले, एकूण किती लागले, आणि तिकडे आपले कुणी भेटले का. तिन्ही उत्तरे मिळाली की खंड संपला.

फोटो दाखवण्याचा कार्यक्रम हा प्रवासाचा शेवटचा आणि पाहुण्यांच्या दृष्टीने सर्वांत साहसी टप्पा. टीव्हीला फोन जोडलेला, बाराशेच्या आसपास फोटो, पोह्यांच्या रिकाम्या बशा. पडद्यावर इमारतीएवढा हिमनग येतो. यजमान सांगतात की जगातल्या गोड्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी अंटार्क्टिकात बर्फ होऊन पडले आहे. एवढ्यात जिन्यातून कुणीतरी ओरडते, "पाणी आलं!" पुढच्या अर्ध्या मिनिटात खोली रिकामी होते. पाणी काही दिवसांआड येते आणि ते नाथसागरातून, पैठणकडून, पन्नासेक किलोमीटर चालून आलेले असते. त्याला ताटकळत ठेवणे शोभत नाही. मोटार चालू होते, पाइप ओढले जातात, यजमानही उठतात. हिमनग एकटाच पडद्यावर उभा राहतो.

पाण्याने प्रवास करायचा की पाण्यासाठी माणसाने, हा प्रश्न या भागात जुना आहे. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्याने बारा वर्षे कावडीने पाणी भरले, अशी श्रद्धा आहे. श्रीखंड्या म्हणजे प्रत्यक्ष श्रीकृष्ण. देवालाही इथे नळजोड मिळाला नव्हता. खुद्द नाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

मुकुंदवाडीचे या क्षेत्रातले योगदान 2019 चे. पावसाने दगा दिलेले ते वर्ष. जुलै उजाडला तरी टंचाई हटली नव्हती आणि टँकरचे पाणी विकत घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेर होते. नळजोड नसलेल्या घरांतली नऊ-दहा वर्षांची मुले तेव्हा मुकुंदवाडी स्टेशनावरून पॅसेंजर गाडीत बसून शहराच्या मुख्य स्टेशनाला जात, तिथल्या नळावर पाणी भरत आणि परतीच्या गाडीने घरी येत. ज्याला पैसे मोजावे लागतात तो साहसी प्रवास आणि ज्याला मोजावे लागत नाहीत ती रोजची धावपळ, असे पर्यटनशास्त्रात सर्वसाधारणपणे धरले जाते. त्यामुळे या सहलीचे माहितीपत्रक कधी निघाले नाही. निघाले असते तर ते साधारण असे झाले असते : कालावधी अर्धा दिवस, शाळा सुटल्यावर. सोबत न्यायचे सामान, रिकामे कॅन आणि कळश्या. परतीचे सामान, तेच, भरलेले. वजनाची मर्यादा, ज्याला जेवढे उचलेल तेवढे. बैठक व्यवस्था, दाराशी. गाडीला उशीर होऊ शकतो. दारात कॅन ठेवल्याबद्दल सहप्रवाशांची बोलणी खावी लागतील. पेंग्विनप्रमाणे इथे पाच मीटरचे अंतर राखण्याची सोय नाही.

या प्रवासातली खरी कसरत उतरण्याची. गाडी मुकुंदवाडीला थांबते ती जेमतेम. तेवढ्या वेळात आधी पाणी उतरवायचे की आधी आपण, हा निर्णय करायचा असतो. आधी आपण उतरलो तर पाणी गाडीबरोबर जालन्याकडे जाते. आधी पाणी उतरवले तर आपण. अनुभवी प्रवासी याचा तोडगा दोघांत काढतात : एक आत, एक फलाटावर, मध्ये कॅन. झाकण घट्ट लागले आहे की नाही, हे मुख्य स्टेशनावरच पाहून घ्यायचे असते. बोटीवर चढण्यापूर्वी जीवरक्षक जाकिटाचे पट्टे पाहतात तसे.

त्या जुलैमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने या मुलांबरोबर गाडीतून जाऊन त्यांच्या फेरीचे वर्णन आणि छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि ती देशोदेशी छापली गेली. जगाच्या प्रवासवाङ्मयात इब्न बतूताकडून राहून गेलेला मुकुंदवाडीचा उल्लेख अशा रीतीने पावणेसातशे वर्षांनी भरून निघाला. तपशिलात जाऊन-येऊन अंतर 14 किलोमीटर दिले आहे. उंदीर आणि द्राक्षे यांची नोंद त्यात नाही.